घरच्या लॅपटॉपवरून स्वतःची वेबसाइट: सुरुवात राउटरपासून करा

आमच्या हॉलमधल्या शोकेसवर, गणपतीच्या मखराच्या खोक्याशेजारी, बारा वर्षांचा एक लॅपटॉप झाकण मिटून पडलेला असतो. त्याचा डावा स्पीकर गेलाय आणि कीबोर्डवरची दोन बटणं उडालीत. माझी घाटवाटांच्या नोंदींची वेबसाइट त्याच्यावरच चालते. मढेघाट, उपांड्या, शेवत्या, बोराट्याची नाळ: वाट कुठे चुकते, एप्रिलात पाणी कुठे मिळतं, आणि थोडे फोटो. दिवसाला वीस-पंचवीस माणसं येऊन वाचतात.

हे उभं करायला दोन शनिवार-रविवार पुरले असते. मला सात आठवडे लागले, कारण मी सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली), मग डिझाइन, मग डोमेन म्हणजे साइटचं नाव, आणि सगळ्यात शेवटी नेट कनेक्शन. तिथे कळलं की माझ्या कनेक्शनवर बाहेरचा माणूस आत येऊच शकत नाही. तुम्ही तसं करू नका. खालचा क्रम पाळा.

एक गोष्ट आधीच सांगतो. दुकानाच्या ऑर्डरी, पैशांचे व्यवहार, लोकांचे फोन नंबर असलं काही साइटवर घेणार असाल, तर घरी होस्टिंग, म्हणजे साइट घरच्या यंत्रावर ठेवणं, करू नका, सरळ भाड्याची जागा घ्या. हा लेख हौशी माणसासाठी आहे.

काय काय लागेल:

- जुना पण चालू लॅपटॉप. ४ जीबी रॅम भरपूर झाली, २ मध्येही भागतं.
- राउटरपासून लॅपटॉपपर्यंत पुरेल एवढी लॅन केबल
- ८ जीबीचा पेनड्राइव्ह
- राउटरचं लॉगिन आणि पासवर्ड
- नेट कनेक्शनचा ग्राहक क्रमांक आणि त्याला जोडलेला मोबाइल
- मोबाइल डेटा चालू असलेला फोन. हा कशाला, ते सहाव्या पायरीत येईल.

१. लॅपटॉप उघडायच्या आधी राउटर उघडा

घरच्या वायफायवरून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. राउटर उलटा केला की खालच्या स्टिकरवर पत्ता आणि लॉगिन सापडतं. आत 'स्टेटस' नावाच्या पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या शब्दापुढे एक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ता, दिसेल. तो कागदावर लिहून घ्या. आता गूगलवर 'माझा आयपी काय आहे' असं इंग्रजीत विचारा आणि येईल तो पत्ताही त्याच्याखाली लिहा.

दोन्ही आकडे जुळले तर तुमचं नशीब चांगलं, थेट दुसऱ्या पायरीवर जा.

जुळले नाहीत तर राउटरमधला आकडा नीट बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही 'सीजीनॅट'च्या मागे आहात. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते जगात मिळून साधारण ४३० कोटीच आहेत आणि ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून नेट कंपन्या शेकडो घरांना एकाच पत्त्यावर बसवतात. १००.६४ चा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला. मोठ्या सोसायटीची कल्पना करा. गेटवर पाटी एकच, फ्लॅट नंबर कुठेच नाहीत. तुम्ही बाहेर पडून भाजी आणू शकता, कारण परत येताना वॉचमन तुम्हाला ओळखतो. पण बाहेरून पाहुणा आला, तर त्याला कुठल्या फ्लॅटवर पाठवायचं हे वॉचमनला माहीतच नसतं. तुमची वेबसाइट म्हणजे तो फ्लॅट.

माझ्या राउटरमध्ये १००.७० ने सुरू होणारा आकडा होता. मी तो पाहिलाही होता, पण अर्थ कळला नव्हता. दोन रविवार मी राउटरची सेटिंग्ज उलटसुलट करत बसलो. कस्टमर केअरला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा 'सर, राउटर एकदा बंद करून चालू करा' हे उत्तर मिळालं. पाचव्यांदा एका मुलीने फोन उचलला आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं, 'तुम्हाला पब्लिक आयपी नाहीये सर.' म्हणून फोनवर 'माझी साइट दिसत नाही' असं म्हणू नका. 'मला पब्लिक आयपी हवाय, स्टॅटिक असेल तर उत्तम' एवढंच वाक्य बोला. पब्लिक म्हणजे फक्त तुमचा आणि बाहेरून दिसणारा, स्टॅटिक म्हणजे न बदलणारा.

तिसरीही एक शक्यता आहे. राउटरमधला आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा घरात दोन राउटर एकापुढे एक बसलेत: कंपनीने दिलेला फायबरचा डबा आणि तुम्ही विकत आणलेला चांगला राउटर. डबा 'ब्रिज मोड'ला टाकून घ्या, म्हणजे राउटरचं काम फक्त तुमचा राउटर करेल. ते काम नेटवाल्याकडूनच करून घ्या. डब्यातली एखादी भलती खूण निघाली तर घरभर नेट बंद पडतं आणि सगळे तुमच्याकडे बघायला लागतात.

सीजीनॅटमधून सुटायचे तीन रस्ते आहेत. पहिला, महिन्याला थोडे जास्त पैसे देऊन स्टॅटिक आयपी घेणं. गावातला केबलवाला नेट देत असेल तर त्याला थेट विचारा, तिथे काम पटकन होतं. दुसरा, आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते. तो तुमच्या कनेक्शनवर आधीच चालू असू शकतो आणि त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो. मात्र ज्या ऑफिसांत किंवा घरांत अजून फक्त आयपीव्ही४ आहे, तिथून तुमची साइट उघडणार नाही. तिसरा रस्ता बोगद्याचा. क्लाउडफ्लेअरची 'टनेल' नावाची फुकट सोय आहे. तुमच्या लॅपटॉपवरचा एक छोटा प्रोग्राम आतून बाहेर जोडणी करून ठेवतो आणि पाहुणे त्याच जोडणीतून आत येतात. वॉचमनशी भांडावं लागत नाही आणि राउटरला हात लावावा लागत नाही. घराचा आयपी पत्ताही झाकलेला राहतो. तोटा एवढाच की तुमच्या आणि वाचकाच्या मध्ये एक तिसरा बसतो आणि जाणारं-येणारं सगळं त्याला दिसू शकतं. घाटवाटांच्या नोंदींना त्याने काय फरक पडतो? मी सुरुवात टनेलनेच केली, स्टॅटिक आयपी वर्षभराने घेतला. नवख्या माणसाला मी टनेलच सुचवेन.

आणि हो, प्लॅनच्या अटी वाचा. घरगुती प्लॅनवर सर्व्हर चालवायला काही कंपन्यांची मनाई असते.

२. यंत्र आणि त्याची जागा

जुना लॅपटॉप डेस्कटॉपपेक्षा बरा. बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस, आणि वीज कमी लागते. झाकण मिटलेला लॅपटॉप १५ वॅट खातो असं धरलं, तर दिवसाला ०.३६ युनिट, महिन्याला अकरा युनिटच्या आत. ८० वॅटचा डेस्कटॉप त्याच हिशेबाने महिन्याला ५८ युनिटपर्यंत जातो. बिल भरणाऱ्या माणसाला हा हिशेब आधीच दाखवून ठेवा.

बॅटरी मात्र तपासा. टचपॅड वर उचलला गेलाय, टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगतो, तर बॅटरी फुगली आहे. ती काढून टाका आणि लॅपटॉप बॅटरीशिवाय वापरा. चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवायचा असेल आणि बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल, तर ती चालू करा. गादीवर किंवा कपाटाच्या बंद कप्प्यात ठेवू नका. पंख्याची जाळी भिंतीला चिकटू देऊ नका.

लॅपटॉपला बॅटरी असली तरी राउटरला नसते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते, तेव्हा लॅपटॉप मजेत चालू आणि साइट बंद. राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. अॅडॉप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळवून घ्या. इन्व्हर्टर असेल तर त्या बोर्डावर जोडा.

लॅपटॉपवर एक चिठ्ठी चिकटवा. ही गंमत नाही. जगातली पहिली वेबसाइट जिनिव्हाच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट संगणकावर चालायची, आणि त्याच्यावरही लाल शाईत लिहिलेली चिठ्ठी होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. माझ्या चिठ्ठीवर 'आई, प्लग काढू नकोस' असं आहे. दिवाळीच्या साफसफाईत तरीही निघाला. चिठ्ठी लॅपटॉपवर होती, स्विचबोर्डवर नव्हती. आता दोन्हीकडे आहे.

३. लिनक्स टाकणे

आधी लॅपटॉपमधले फोटो, कागदपत्रं सगळं दुसरीकडे कॉपी करा. आधार-पॅनच्या स्कॅन कॉप्या तर सर्व्हर होणाऱ्या यंत्रावर ठेवायच्याच नाहीत. पुढच्या पायरीत डिस्क पुसली जाते आणि तिथून परतीची वाट नाही.

मी डेबियन हा लिनक्सचा प्रकार वापरतो. त्याची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर चढवा आणि लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करा. मधे एका पानावर काय काय टाकायचं ते विचारतात. तिथे डेस्कटॉपची खूण काढा आणि 'एसएसएच सर्व्हर'ची ठेवा. एसएसएच म्हणजे दुसऱ्या संगणकावरून या लॅपटॉपवर लॉगिन करायची सोय. काळ्या पडद्याची भीती वाटत असेल तर डेस्कटॉप ठेवलात तरी चालेल, थोडी रॅम जाईल इतकंच. विंडोजवरही वेबसाइट चालते, पण अपडेट आलं की ते मध्यरात्री स्वतःच रीस्टार्ट होतं.

यानंतर तीन कामं लगेच करा. सुरक्षेची अपडेट आपोआप बसवणारं 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' हे पॅकेज चालू करा. एसएसएचला पासवर्डाऐवजी की-फाइलने लॉगिन लावा आणि पासवर्डाचं लॉगिन बंद करा. आणि झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये याची सोय करा: 'लॉगिनडी' नावाच्या सेटिंग फाइलमध्ये झाकणाच्या स्विचची ओळ असते, तिच्या सुरुवातीचं हॅश चिन्ह काढून बरोबरच्या चिन्हापुढे 'इग्नोर' लिहायचं. हे तिसरं काम मी विसरलो होतो. झाकण मिटायचो, साइट बंद. का बंद पडली ते बघायला झाकण उघडायचो, साइट चालू!

४. घरातला पत्ता पक्का करा

राउटर घरातल्या यंत्रांना आलटून पालटून पत्ते देतो. राउटरमध्ये 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि लॅपटॉपला एक पत्ता कायमचा देऊन टाका, समजा १९२.१६८.१.५०. पाच मिनिटांचं काम आहे. लॅपटॉप लॅन केबलने जोडलेला असतानाच करा, कारण राउटर यंत्राला ज्यावरून ओळखतो ते मॅक पत्ते वायफाय आणि केबलचे वेगळे असतात.

५. साइट बनवा, आणि फोटो बारीक करा

सुरुवातीला वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार प्रणालीच्या भानगडीत पडू नका. साधी एचटीएमएल पानं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि 'कॅडी' नावाचा वेब सर्व्हर बसवा. त्याच्या सेटिंग फाइलमध्ये तुमच्या डोमेनचं नाव, फोल्डरचा पत्ता आणि 'यातल्या फाइल दाखव' एवढं लिहिलं की झालं. एचटीटीपीएसचं, म्हणजे ब्राउझरमधल्या कुलपाच्या सुरक्षित जोडणीचं, सर्टिफिकेटही तो स्वतः आणतो आणि मुदत संपायच्या आत नवं करतो. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर त्याच्याहून जुना आणि नावाजलेला, पण त्यात हे सगळं वेगळं जुळवावं लागतं.

मराठी साइटसाठी दोन खास गोष्टी. पानाच्या डोक्यावर अक्षरसंच 'यूटीएफ-८' असल्याची ओळ टाका, नाहीतर काही ठिकाणी मराठीऐवजी किडामुंगी दिसते. भाषेच्या जागी 'एमआर' लिहा. आणि जुना मजकूर श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. मूळ फाइलमध्ये ती रोमन अक्षरंच असतात, मराठी दिसते ती फक्त फाँटमुळे. माझ्या एका जुन्या गिर्यारोहक मित्राच्या नोंदी अशाच होत्या. कन्व्हर्टरने नव्वद टक्के काम केलं, रफार आणि जोडाक्षरं हाताने दुरुस्त करावी लागली.

आता फोटो. मोबाइलचा एक फोटो ५ एमबीचा धरू. एका पानावर वीस फोटो म्हणजे १०० एमबी. तुमचा अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल, तर ते पान एका वाचकाकडे पोचायला ८० सेकंद लागतात, दोघे एकदम आले तर त्याच्या दुप्पट. शिवाय तेवढा वेळ घरातला व्हिडिओ कॉल अडखळतो तो वेगळाच. प्रत्येक फोटो २०० केबीपर्यंत आणा, तेच पान तीन-चार सेकंदांत जातं. प्लॅनच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोडचा वेग. आपल्याला अपलोडचा बघायचा.

मोबाइलच्या फोटोत तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही दडलेले असू शकतात. घाटातल्या फोटोचं ठीक आहे, पण घराच्या गच्चीतून काढलेला फोटो टाकलात तर घराचा पत्ताच जगाला दिलात. फोटो बारीक करतानाच ही माहिती पुसणारी खूण चालू करा.

६. डोमेन, पोर्ट आणि ती मोबाइल डेटाची गोष्ट

डोमेन कुठल्याही अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. घेताना पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, दुसऱ्या वर्षापासूनचा बघा. पहिलं वर्ष फेकल्या भावात आणि नूतनीकरण कित्येक पट, हा जुना खेळ आहे. '.इन' आहेच, पण २०१४ पासून '.भारत'ही मिळतं आणि त्यात आख्खं नाव देवनागरीत घेता येतं. दिसायला छान दिसतं. फक्त काही प्रोग्राममध्ये ते 'एक्सएन'ने सुरू होणाऱ्या रोमन गिचमिडीत दिसतं, तेव्हा घाबरू नका, नाव तेच असतं.

टनेल वापरणार असाल तर डोमेनचे नेमसर्व्हर (नाव कुठे न्यायचं ते सांगणारे सर्व्हर) विक्रेत्याच्या पानावरून क्लाउडफ्लेअरकडे वळवा, त्यांच्या पानावर टनेल तयार करा आणि ते देतील ती एक ओळीची आज्ञा लॅपटॉपवर चालवा. बाहेरचं एचटीटीपीएस तेच सांभाळतात, त्यामुळे कॅडीला साध्या एचटीटीपीवर ठेवलं तरी चालतं. या पायरीतलं पुढचं तुम्हाला लागू नाही.

पब्लिक आयपी असेल तर डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या नोंदवहीत, 'ए' नोंद करून तुमचा आयपी टाका. आयपी बदलता असेल तर डकडीएनएससारखी सोय वापरा. लॅपटॉप दर काही मिनिटांनी 'मी आता इथे आहे' असं कळवत राहतो. मग राउटरच्या 'पोर्ट फॉरवर्डिंग'मध्ये ८० आणि ४४३ ही वेबसाइटची दोनच पोर्ट, म्हणजे दारं, लॅपटॉपच्या पत्त्याकडे वळवा. २२ हे एसएसएचचं पोर्ट, ते उघडू नका. कुणी 'डीएमझेड'ला टाक म्हणाला तर ऐकू नका, त्याने आख्खं यंत्र बाहेर उघडं पडतं. राउटरचं स्वतःचं 'रिमोट मॅनेजमेंट' बंद आहे ना तेही बघा.

आता साइट उघडून बघायची, पण घरच्या वायफायवरून नाही. आतून बाहेर जाऊन परत आत यायची वाट बऱ्याच राउटरना जमत नाही. घरातून साइट दिसत नाही आणि जगाला दिसते, असं होतं. माझं तेच झालं. चालू असलेली साइट बंद आहे समजून मी आदल्या दिवशीची सगळी सेटिंग्ज पुसून टाकली. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा आणि मग बघा.

सर्टिफिकेट मिळालं नाही तर परत परत प्रयत्न करत बसू नका. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून फुकट सर्टिफिकेट देते, पण त्याच त्याच नावाला आठवड्यात पाचच. जुळवाजुळव चालू असताना त्यांचा 'स्टेजिंग' म्हणजे सरावाचा पत्ता वापरा. काही नेट कंपन्या बाहेरून येणारं ८० पोर्ट अडवतात. तसं असेल तर ४४३ वरून किंवा डीएनएसच्या नोंदीवरूनही पडताळणी करता येते.

७. पहिल्या तासातले पाहुणे

साइट सुरू झाली, कुणालाही सांगितलं नाही, आणि लॉग, म्हणजे आल्यागेल्याची नोंद, उघडला तर पन्नास जण येऊन गेलेले. आनंदाने चहा टाकू नका. सर्टिफिकेट निघालं की डोमेनचं नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं, आणि ती वही वाचत बसलेले बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, लगेच दार वाजवायला येतात. माझ्या पहिल्या दिवसाच्या लॉगमध्ये वर्डप्रेसच्या लॉगिन पानाची मागणी होती, डेटाबेस सांभाळायच्या पानाची होती, पासवर्ड ठेवायच्या 'डॉट ईएनव्ही' फाइलची तर सतरा वेळा होती. यातलं काहीच माझ्याकडे नाही, त्यामुळे प्रत्येकाला ४०४ म्हणजे 'पान सापडलं नाही' मिळून ते परत गेले. साधी एचटीएमएल पानं ठेवायला सांगितलं ते यासाठी.

राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' केबललाही देता येत असेल तर लॅपटॉप त्यावर टाका. उद्या त्यात कुणी घुसलं, तरी घरातल्या बाकीच्या यंत्रांपर्यंत पोचणार नाही.

८. चालू ठेवणे, आणि कधी बंद करणे

साइट बंद पडल्याचं ईमेलने कळवणाऱ्या फुकट सेवा आहेत, एखादी लावा. साइटच्या फोल्डरची एक प्रत महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्या आणि तो लॅपटॉपपासून दूर ठेवा. एकदा त्या प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर साइट उघडूनही बघा. माझ्या पहिल्या चार महिन्यांच्या बॅकअपमध्ये फोटोंचं फोल्डरच नव्हतं.

राहता राहिला वळवाचा पाऊस. फायबरमधून वीज येत नाही, पण स्विचबोर्डातून येते आणि लॅन केबलने पुढे सरकते. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सिंहगडाच्या बाजूला गडगडायला लागलं की मी लॅपटॉप रीतसर बंद करतो, दोन्ही प्लग उपटतो, केबल काढतो. रात्री पाऊस ओसरला की परत लावतो. नाहीतरी तेवढ्या वेळात घाट उतरायची माहिती कुणी शोधत असेल, तर त्याने घरीच थांबलेलं बरं.